बागवाल्या आजोबांच्या कोटात

थोरली आणि धाकटी या दोघी जावा त्या दिवशी सकाळपासून एकमेकींशी बोलत नव्हत्या. कारण म्हटलं तर एवढंसं. धाकटीच्या लेकीच्या डोक्यात उवा झाल्या होत्या. आदल्या दिवशी धाकटी बाजारात गेलेली पाहून थोरलीने कात्री घेतली आणि पोरीचे कमरेपर्यंतचे केस मानेवर आणून ठेवले. धाकटी परत आली तेव्हा जमिनीवर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर केसांचा ढीग, आणि पोरगी आरशात मान इकडून तिकडे वळवून हसत होती.

"केस काय, वाढतील पुन्हा," थोरली म्हणाली.

"विचारलं असतंत तर मी नाही म्हटलं नसतं. पण विचारायचंच नाही हे तुमचं ठरलेलं."

त्यानंतर घरात भांडी तेवढी बोलत होती.

भांडण झालं म्हणून काम थांबत नव्हतं. सासऱ्यांनी चालू केलेली पत्र्याची शेड आता या दोघीच चालवत होत्या. लोखंडी फाटकं, जुने कठडे, पितळी दिवे, असं काय काय दुरुस्तीला यायचं. थोरलीचा नवरा पाठ धरल्यापासून पट्टा लावून फोनवर बसायचा आणि धाकटीचा बोटीवर नोकरीला असायचा. थोरली अंगाने दणकट, वेल्डिंग तिच्याकडे. धाकटी काडीसारखी, पण हात नाजूक; घासणं, पॉलिश करणं, बारीक डाग काढणं तिच्याकडे.

या वेळचं काम शहराच्या मोठ्या बागेतलं होतं. तिथे ब्राँझचा एक पुतळा आहे, दुमजली घराएवढा उंच. ज्या माणसाने या शहरात पहिली बाग केली आणि मग सगळ्यांच्या मागे लागून प्रत्येक वस्तीत एक तरी बाग करायला लावली, त्याचा. पोरं त्याला बागवाले आजोबा म्हणतात. अंगात घोट्यापर्यंत लांब कोट, टोपी हातात, नजर समोरच्या झाडांवर. पहिल्या बागेला शंभर वर्षं झाली म्हणून त्या संध्याकाळी पुतळ्यासमोर समारंभ होता. बाहेरून पुतळा लख्ख झाला होता. फक्त कोटाच्या काठाखालून तांबूस पाणी ओघळायचं, ते पुसलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. म्हणजे आत काहीतरी गंजत होतं.

आत जायला चौथऱ्याच्या मागच्या बाजूला, झुडपांच्या आड एक लोखंडी दार होतं, माणूस जेमतेम सरपटत जाईल एवढं. चौथरा पोकळ. त्यातून वर उभं राहिलं की माणूस थेट आजोबांच्या कोटात.

थोरलीने दार उघडून आत टॉर्च मारला आणि कुणाकडेच न बघता म्हणाली, "आत कुणीतरी जायला हवं. मी गेले तर मला काढायला पुतळा फोडावा लागेल."

एरवी धाकटी हसली असती. आणि एरवी तिने खरं काय ते सांगितलंही असतं. तिला बंद जागेची भीती वाटायची. लिफ्ट असली तरी ती जिने चढायची आणि व्यायाम होतो म्हणायची. न्हाणीघराची कडी ती कधी पूर्ण लावत नसे. हे नवऱ्याशिवाय कुणालाही माहीत नव्हतं. पण आज थोरलीपुढे "मला भीती वाटते" म्हणणं तिच्या जिवावर आलं. तिने पिशवी झुडपापाशी ठेवली, कपाळावर दिवा बांधला, खरवडणी घेतली आणि काही न बोलता आत शिरली.

"मी गंजावरचा रंग घेऊन येते," थोरली बाहेरून झुडपाला सांगितल्यासारखं म्हणाली आणि टेम्पोकडे गेली.

आत उभं राहिल्यावर धाकटीने डोळे मिटून घेतले. खालच्या दारातून उजेडाचा एक तुकडा पायांवर पडत होता. तो आहे तोवर काही नाही, असं ती स्वतःला समजावत राहिली. मग डोळे उघडले. चारी बाजूंनी ब्राँझ, वर अंधारात निमुळतं होत गेलेलं. कोटाच्या चुण्या आतून उलट्या दिसत होत्या. मधे चार लोखंडी खांब, त्यांच्यावर अख्ख्या पुतळ्याचा भार. तिने कानात कापूस घातला, कारण नुसतं नख लागलं तरी आत घंटेसारखं घुमत होतं, आणि खांब खरवडायला घेतले.

तीन खांब वरवर गंजलेले होते. चौथ्याला तिने खरवडणी लावली आणि ती आत गेली. धाकटीला आधी कळलंच नाही. तिने परत टोचून पाहिलं. रंगाचं पातळ साल तेवढं होतं, आत बिस्किटासारखा भुगा. तिने खरवडणी हळूच मागे घेतली तसा मूठभर भुगा तिच्या मनगटावर सांडला.

ती वर बघत राहिली. एवढं सगळं कशावर उभं होतं?

तेवढ्यात पायांवरचा उजेड गेला.

तिने कानातला कापूस ओढून काढला. खालून कडी सरकल्याचा आवाज आला, मग कुलूप दाबल्याचा. टक. एवढाच.

झालं होतं असं की, बागेच्या रखवालदाराला सकाळपासून सांगून ठेवलं होतं, पाहुणे यायच्या आत काहीही उघडं, पसरलेलं दिसता कामा नये. चौथऱ्याचं दार सताड उघडं पाहून तो वाकला आणि त्याने हाक मारली, "आहे का कुणी आत?" कापूस घातलेल्या धाकटीला ती ऐकू गेली नाही. त्याने दार लावलं, कुलूप घातलं, झुडपापाशी पडलेली पिशवी चौकीत नेऊन ठेवली, आणि माळ्याला सांगून दारासमोर फुलांच्या कुंड्याही मांडून घेतल्या.

धाकटी धडपडत खाली आली आणि दाराला दोन्ही हातांनी भिडली. दार तसूभर हललं नाही. ती ओरडली. तिचा आवाज बाहेर जायच्याऐवजी वर गेला, आजोबांच्या छातीत फिरला आणि तिच्याच अंगावर परत आला. बाहेर कुणीतरी "हॅलो, हॅलो, माइक चेक" करत होतं. मग बँडवाल्यांनी सराव सुरू केला.

आणि मग तिला थोरलीचा आवाज ऐकू आला. अगदी जवळून.

"कुठे गेली ही?" झुडपं बाजूला सारल्याची सळसळ. "पिशवी पण नाही. दार पण लावून टाकलंन. म्हणजे गेली रागावून. वा! काम अर्धं टाकून!"

"ताई!" धाकटी किंचाळली. "ताई, मी आत आहे!"

नेमका त्याच वेळी ढोलाचा दणका बसला. धाकटी वर सरकली आणि हातातली खरवडणी तिने सगळी ताकद लावून कोटावर आपटली. अख्खा पुतळा दणाणला. त्या दणक्यात तो चौथा खांब करकरला, वरून तिच्या केसांत, डोळ्यांत गंजाचा पाऊस पडला, आणि डोक्यावर कुठेतरी काहीतरी जड किंचित खाली बसल्यासारखं झालं.

दुसऱ्यांदा उचललेला हात तिने तसाच वर धरून ठेवला. तो खाली आणायचीही तिला भीती वाटत होती.

बाहेर थोरलीची पावलं खडीवरून दूर जात होती. करकर, करकर, आणि मग नाही.

ऊन चढलं तसं ब्राँझ तापायला लागलं. आधी नुसतं कोमट, मग हात ठेववेना. घामाने सदरा अंगाला चिकटला. श्वास घेतला की तापलेल्या कढईवर वाकल्यासारखं वाटे. धाकटी चौथऱ्याच्या पोकळीत उतरून गुडघे पोटाशी घेऊन बसली, कारण दगड त्यातल्या त्यात गार होता आणि दाराच्या खाली बोटभर फट होती. त्या फटीला तिने तोंड लावलं. पण तो खांब बरोबर डोक्यावर होता. श्वास हवा तर त्याच्याखाली बसायचं, नाहीतर वर जाऊन भाजून घ्यायचं. मोबाइल पिशवीत होता. हाका मारल्या तर माइकपुढे त्यांचं काही चालत नव्हतं. आणि ठोकायची तर आता तिची छातीच नव्हती.

कोटाच्या काठाला पाणी निघून जायला भोकं होती. तिने ओढणीची एक पट्टी फाडली, वर चढून, हात पोळवून घेत एका भोकातून बाहेर ढकलली. जरा वेळाने कुणीतरी ती बाहेरून ओढली. धाकटीच्या जिवात जीव आला. "मी आत आहे! दार उघडा!"

"हे फडकं कुणी अडकवलंय इथे?" बाहेरचा माणूस दुसऱ्याला म्हणत होता. "अजून हजार कामं पडलीत." पट्टी सर्रकन निघून गेली.

नंतर दोघंजण चौथऱ्याला टेकून उभे राहिले. त्यांच्या पाठी घासल्याचं तिला आतून कळत होतं. ती घसा फाडून ओरडली.

"ऐकलंस?" एक म्हणाला.

"काय?"

"आजोबा बोलतायत."

"चहा देत नाहीत म्हणत असतील." दोघंही हसले. "माइकचा आवाज असेल रे. चल, खुर्च्या लावायच्यात."

खुर्च्या. धाकटीला आतून खुर्च्या सरकवल्याचा आवाज येत होता, पुतळ्याच्या अगदी पायाशी. मध्येच पोरं पुतळ्याभोवती धावत गेली. एका पोराने जाता जाता चौथऱ्यावर दणकन हात मारला आणि वरून पुन्हा भुगा झडला. आता तिला फक्त स्वतःपुरती भीती वाटत नव्हती. संध्याकाळी या खुर्च्या भरणार होत्या.

माइकवर निवेदिका आपलं भाषण घोकत होती. माइक सारखा बंद पडायचा आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. "ज्यांनी या शहराला मोकळा श्वास दिला..." खर्र. "हॅलो. ज्यांनी या शहराला मोकळा श्वास..." धाकटी फटीला तोंड लावून ते ऐकत होती. तिला एकदा हसू आलं, आणि ते आपलं हसू आहे हे कळल्यावर ती जास्तच घाबरली. डोकं हलकं व्हायला लागलं होतं. लेकीची शाळा सुटायची वेळ झाली असेल. पोरगी फाटकापाशी उभी असेल, नवे केस सगळ्यांना दाखवत. सगळी पोरं गेली की मग काय करेल?

इकडे घरी थोरली जेवायला बसली होती. तोंडाचा पट्टा चालूच होता. "काम टाकून गेली बाई! निदान सांगून तरी जायचं." तिचा नवरा ऐकून न ऐकल्यासारखं करत होता. तेवढ्यात शाळेतून फोन आला. तुमची मुलगी अजून फाटकातच आहे, न्यायला कुणी आलं नाही.

थोरलीच्या हातातला घास तसाच राहिला.

"माझ्यावर रागावेल," ती म्हणाली, "अख्ख्या घरावर रागावेल. पण पोरीला फाटकात उभी नाही ठेवायची ती."

तिने खरकट्या हातानेच धाकटीचा नंबर लावला. बराच वेळ वाजल्यावर कुणीतरी पुरुषाने उचलला.

"कोण बोलतंय? हा फोन माझ्या जावेचा आहे."

"मी बागेचा रखवालदार, बाई. पिशवी पुतळ्यामागे पडली होती, तीत वाजत होता."

"पिशवी होती? मग ती कुठाय?"

"मला नाही दिसलं कुणी. दार उघडंच होतं, मी हाक मारली आणि..."

तो बोलायचा थांबला. दोघांनाही एकाच वेळी कळलं होतं.

"उघडा," थोरली म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "आत्ताच्या आत्ता उघडा."

"कुलपाची चावी आमच्या साहेबांकडे दिली, बाई. ते पाहुण्यांना आणायला गेलेत." तो रडकुंडीला आला होता. फोन तसाच टाकून तो पळत सुटल्याचं तिला ऐकू आलं.

नवरा पाठीचा पट्टा आवळून शाळेकडे निघाला आणि थोरलीने टेम्पो काढला. वाटेत काय काय आडवं आलं ते तिला नंतर आठवेना.

रखवालदाराने कुंड्या लाथेने उडवल्या आणि तो दारापुढे गुडघ्यांवर पडला. "बाई! आहात का आत?"

आतून काहीतरी आवाज आला, कुजबुजण्याएवढा. तो उठला आणि त्याने दारावर लाथ घातली.

"नको!" आतून आलेला हा शब्द मात्र स्पष्ट होता. "लाथ नका मारू. खांब सडलाय. सगळं पडेल."

तो तिथेच बसला. काय करावं ते न सुचून त्याने दाराखालच्या फटीतून बोटं आत घातली. आतून कुणीतरी ती घट्ट धरली. हात इतका गरम होता की तो दचकला, पण त्याने बोटं काढली नाहीत. "मी इथेच आहे बाई," तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. "माझं चुकलं. मी इथेच आहे." मग ओरडून त्याने पाणी मागवलं आणि बाटली आडवी धरून फटीतून आत सोडलं. धाकटीने ते दगडावरून चाटून घेतलं.

थोरली आली ती हातोडा घेऊनच. तिने तो उचललाही होता.

"ताई, ठोकू नका." धाकटीचा आवाज कोरड्या पानासारखा झाला होता. "हळू. काहीही हलवू नका."

हातोडा खाली आला. थोरलीने टेम्पोतून करवत आणली, कुलपाची कडी डाव्या हाताने गच्च आवळून धरली आणि कापायला लागली. घाई करायची नव्हती. जोर लावायचा नव्हता. लोखंड होतं जाड, आणि पातं जरा अडलं की दार थरथरायचं आणि आतून भुगा पडल्याचा आवाज यायचा. तेव्हा थोरली थांबायची, श्वास सोडायची आणि पुन्हा सुरू करायची. आजूबाजूला माणसं जमली होती. कुणी चकार शब्द काढत नव्हतं. माइकही बंद झाला होता.

"बोलत राहा गं," थोरली म्हणाली. "काहीतरी बोल माझ्याशी."

"पोरगी?"

"तुझे दीर गेलेत आणायला. दुसरं बोल. मला शिव्या दे हवं तर."

"नंतर देते," आतून आलं.

थोरलीच्या नाकावरून घाम टपटपत होता. पातं एकदा तुटलं. दुसरं तिने बसवलं आणि रखवालदाराने स्क्रू पिळून दिला. शेवटी कडी कापली गेली. थोरलीने दार दोन्ही हातांनी धरलं आणि इंच इंच ओढत उघडलं. आत डोकं घालून तिने धाकटीला काखेत हात घालून बाहेर काढलं, न्हाणीतून तान्ह्या पोराला काढावं तसं. धाकटीचा चेहरा वीटकरी झाला होता, ओठ फुटले होते, केसाकेसांत गंज. ती थोरलीच्या मांडीवर पडली आणि पहिलं वाक्य बोलली ते, "खाली कुणाला बसू देऊ नका."

बागांच्या अधीक्षक बाई तोवर धावत आल्या होत्या. नव्या साडीत होत्या, हातात भाषणाचा कागद. त्यांनी टॉर्च घेऊन दारातून वर पाहिलं. मागे सरकल्या तेव्हा त्यांचाही चेहरा उतरला होता. एक शब्दही न विचारता त्यांनी पुतळ्याभोवती दोर बांधायला लावला आणि सगळ्या खुर्च्या पलीकडे झाडांखाली हलवल्या. समारंभ उशिरा सुरू झाला. पुतळा लांबून मावळतीच्या उन्हात झळकत होता, जणू त्याला काही झालंच नव्हतं. धाकटी तेव्हा दवाखान्यात पाणी चढवून घेत पडली होती.

पुढच्या आठवड्यात क्रेनने आजोबांना उचलून गवतावर आडवं केलं. तो खांब उचलतानाच मोडून पडला. उरलेल्यांपैकीही एकाचं काही खरं नव्हतं. रखवालदाराला कामावरून काढणार असं उठलं होतं. थोरली अधीक्षक बाईंकडे जाऊन सांगून आली, त्याने निदान हाक तरी मारली होती, मी तीही मारली नाही. त्याची नोकरी राहिली.

धाकटीची भीती मात्र वाढून बसली. घरातलं कुठलंच दार आता लावलेलं तिला चालेना. लग्नाच्या हॉलमधून नुसतं "हॅलो, हॅलो" ऐकू आलं तरी तिच्या तळहातांना घाम फुटायचा. ती शेडमध्ये यायची, काम करायची, पण दाराकडे तोंड करून.

एकदा दुपारी पाण्याची टाकी आतून साफ करायचं काम विचारायला एक माणूस आला. धाकटी काही म्हणायच्या आत थोरली म्हणाली, "आत शिरायची कामं आम्ही घेत नाही."

माणूस गेला. धाकटी कठड्याला पॉलिश घासत राहिली. मग हात न थांबवता तिने सगळं सांगितलं. लिफ्टचं, कडीचं, लहानपणापासूनचं.

"आणि हे मला आत्ता सांगतेस?" थोरली म्हणाली. "आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही हसला असतात."

थोरलीने खोटं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. "हसले असते," ती म्हणाली.

घासायला सोपं जावं म्हणून तिने कठड्याचं दुसरं टोक धरलं.

"सगळ्यात जास्त कशाची भीती वाटली? त्या खांबाची?"

"नाही." धाकटीने फडकं उलटं केलं. "तुमची पावलं ऐकू येत होती. खडीवरून. जाताना."

वेल्डिंगचं कवच थोरलीने उचललं, पण तोंडावर घेतलं नाही. ते हातात धरून ती बराच वेळ तशीच उभी राहिली.

"मी परत येणार नाही असं वाटलं तुला?"

"हो," धाकटी म्हणाली. "तेव्हा वाटलं."